कंसात लिहिलेला अनुभव

प्रश्न : मॅडम, मी टीवाय बीकॉमला आहे. गाव इंदापूर तालुक्यात, पुण्यात कर्वे रस्त्याजवळ हॉस्टेलवर राहते. आमच्या कॉलेजात प्लेसमेंटला येणाऱ्या कंपन्या बोटांवर मोजण्याइतक्या, त्याही बहुतेक सेल्सच्या. आतापर्यंत ६१ टक्के आहेत. अनुभव काहीच नाही (सुट्टीत चुलत्यांच्या दूध संकलन केंद्राचा हिशेब लिहिते, तेवढंच). निकाल जूनच्या शेवटी लागेल. तोवर काय तयारी करू? एका क्लासवाल्यांनी ४५,००० रुपयांचा डेटा ॲनालिटिक्सचा कोर्स सुचवलाय, शंभर टक्के प्लेसमेंट म्हणतात. तो लावू का?

उत्तर :

कोर्सचं आधी सांगते, कारण पैसे भरायची तारीख उद्याचीच असणार. ती नेहमी उद्याचीच असते. आत्ता लावू नकोस. त्यांच्याकडून मागच्या बॅचच्या पाच मुलांचे फोन नंबर माग आणि ती आज कुठे, कोणत्या कामावर आहेत ते त्या मुलांनाच विचार. नंबर द्यायला टाळाटाळ झाली की समजून जा. पावतीच्या मागची बारीक अक्षरंही वाच. जाहिरातीत 'प्लेसमेंट' असतं, पावतीवर त्याचं 'प्लेसमेंट असिस्टन्स' झालेलं असतं. म्हणजे चार ठिकाणी तुझा रिझ्युमे पाठवला की त्यांचं काम संपलं.

तुला 'तू' म्हणतेय, राग मानू नकोस. मी बावीस वर्षं भरतीचं काम केलं. आधी भोसरीत, मग चाकणला वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात, शेवटची काही वर्षं खराडीत, परदेशी कंपन्यांचे हिशेब सांभाळणाऱ्या ऑफिसात. टेबलापलीकडे इतकी वर्षं बसून एक गोष्ट कळली, ती मुलांना सांगितली तर खरी वाटत नाही. भरती करणारा माणूस घाबरलेला असतो.

मुलांना वाटतं, तो सगळ्यात हुशार उमेदवार शोधतोय. तो शोधत असतो असं कोणीतरी, ज्याच्यामुळे आपल्याला नंतर बोलणी बसणार नाहीत. आपण घेतलेली मुलगी दोन महिन्यांत सोडून गेली तर? एकाच बिलाचे पैसे दोनदा पाठवले तर? साहेबानं विचारल्यावर चूक लपवली तर? निकालापर्यंतच्या आठ महिन्यांत तुला करायची तयारी म्हणजे ही भीती कमी होईल असं काहीतरी हातात जमवायचं. ६१ टक्क्यांनी ती कमी होत नाही, ८१ नीही फारशी होत नाही. टक्के चाळणीपुरते. बऱ्याच ठिकाणी ६० ची अट असते, ती तू पार केलीस. पाचव्या सेमिस्टरमध्ये विषय राहू देऊ नकोस, एवढं सांभाळ. ज्या कंपन्यांत 'राहिलेला विषय नको' असा नियम असतो, तिथे रदबदली चालत नाही.

आता त्या कंसाकडे येते. अनुभव काहीच नाही असं लिहून तू कंसात दूध केंद्राचा हिशेब टाकलास. मी रिझ्युमे वाचत असते तर तिथेच थांबले असते.

नीट बघ तू काय करतेस ते. सकाळ-संध्याकाळ शंभर-दीडशे शेतकरी दूध घालतात. प्रत्येकाचे लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक). गाईच्या दुधाला फॅट ३.५ आणि एसएनएफ ८.५ टक्के धरून दर, त्याच्या वर-खाली झालं की दर बदलतो. दहा दिवसांनी बिल. बिलातून पशुखाद्याची उचल कापायची, कोणी आगाऊ रक्कम घेतलेली असते ती वळती करायची, उरलेली बँकेत. एखादा भाऊसाहेब येऊन म्हणतो, "माझी मंगळवारची फॅट चुकीची लागली." मग तू स्लिप काढून दाखवतेस, किंवा खरंच चुकली असेल तर पुढच्या बिलात फरक देतेस.

खराडीत आणि मगरपट्ट्यात काचेच्या इमारतींत बीकॉमची हजारो मुलं जे काम करतात, त्याला अकाउंट्स पेएबल म्हणतात. पुरवठादाराचं बिल आलं, माल आल्याची नोंद आणि ऑर्डर यांच्याशी ते ताडून बघायचं, कपाती करायच्या, ठरलेल्या तारखेला पैसे सोडायचे, पुरवठादाराची तक्रार आली तर निस्तरायची. चाकणच्या कारखान्यात यालाच पीओ (ऑर्डर), जीआरएन (माल आल्याची नोंद) आणि इन्व्हॉइसचं (बिलाचं) मॅचिंग म्हणायचो. तू वर्षाला छत्तीस वेळा पैसे वाटपाची फेरी होते अशा ठिकाणी काम केलंयस, आणि ते कंसात लिहितेस!

आपल्याकडच्या मुलांचं हे नेहमीचं आहे. घरचं काम म्हणजे काम नव्हे. भावाच्या किराणा दुकानाची उधारीची वही, गणपती मंडळाच्या वर्गणीचा जमाखर्च, आईच्या बचत गटाचं रजिस्टर, यातलं काही रिझ्युमेवर येत नाही. येतं काय, तर 'हॉबीज : लिसनिंग टू म्युझिक', वडिलांचं नाव, धर्म, आणि खाली 'आय हिअरबाय डिक्लेअर' असं शपथपत्र. मी ते कधीच वाचलं नाही. माझ्या ओळखीच्या कोणीही वाचलेलं नाही.

माझी स्वतःची फजिती सांगते. १९९८ साली मी बीकॉम झाले, ६८ टक्के, त्या वेळी चांगलेच. भोसरीत एका छोट्या कारखान्यात मुलाखतीला गेले. मालकांनी ड्रॉवरमधून एक खरेदीचं बिल काढून समोर सरकवलं, "याची एन्ट्री सांग." बिलावर विक्रीकर, वाहतूक, पॅकिंग असं काय काय होतं. पुस्तकातल्या उदाहरणात बिल कधी बिलासारखं दिसलेलंच नव्हतं. मी गप्प बसले. ते रागावले नाहीत, चहा पाजला आणि परत पाठवलं. पुढे मी स्वतः मुलाखती घ्यायला लागले तेव्हा ड्रॉवरमध्ये तसंच एक बिल ठेवायचे. दहातली दोन-तीन मुलं उत्तर द्यायची, आणि ती बहुतेक कुठल्यातरी सीएच्या नाहीतर कर सल्लागाराच्या ऑफिसात बसलेली असायची.

म्हणून पुढच्या आठ महिन्यांतलं सगळ्यात महत्त्वाचं काम हेच, अशा एका ऑफिसात बसायला मिळवणं. पुण्यात त्याला तोटा नाही. सदाशिव पेठ, नारायण पेठ, डेक्कन, कर्वे रस्ता, जुन्या वाड्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारतींत दर दुसऱ्या जिन्याला सीएची पाटी असते. तू राहतेस तिथून चालत जाण्यासारखी वीस तरी सापडतील. ईमेल करू नकोस, तिथे ते कोणी वाचत नाही. स्वतः जा, पण तारीख बघून जा. ७ ला टीडीएस म्हणजे कापून ठेवलेला कर भरायचा असतो, ११ ला जीएसटीआर-१ (विक्रीचं जीएसटी विवरणपत्र), २० ला ३बी (महिन्याच्या एकूण जीएसटीचं विवरणपत्र). या तारखांच्या आसपास गेलीस तर दारातूनच परत यावं लागेल. २२ ते महिनाअखेर जा, दुपारी चारच्या सुमाराला. मार्चअखेरचा पंधरवडा मात्र सोड.

काय बोलायचं? "सर, मी टीवाय बीकॉमला आहे. रोज दुपारी तीन तास येऊ शकते. दूध केंद्राचा हिशेब सांभाळलाय, एक्सेल बरं येतं. २बी मॅचिंगसारखं काम असेल तर शिकेन." बस. जीएसटीआर-२बी म्हणजे पुरवठादारांनी भरलेल्या माहितीवरून दर महिन्याला १४ तारखेला तयार होणारं पत्रक. ते ग्राहकाच्या खरेदी वहीशी जुळवत बसणं हे किचकट काम असतं आणि ते करायला ऑफिसात नेहमी माणूस कमी असतो. ते तू आपणहून मागितलंस तर सर चष्म्यावरून एकदा बघतील. दहा ठिकाणी जाशील तेव्हा एका ठिकाणी हो म्हणतील. पैसे प्रवासखर्चापुरते मिळाले तरी पहिले तीन महिने चालव, पण सहा महिने फुकट कोणाकडेही राबू नकोस. तुझ्या अभ्यासक्रमात ऑन जॉब ट्रेनिंगचे क्रेडिट असतील तर याच कामाचं पत्र तिथे चालतं का, ते आधी कॉलेजात विचारून घे. नाहीतर मुलं शेवटच्या आठवड्यात कुठूनतरी शिक्का आणतात, आणि मुलाखतीत तो शिक्का दोन प्रश्नांत उघडा पडतो.

टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा वेगळा क्लास लागत नाही. अशा ऑफिसात पंधरा दिवसांत हात बसतो. एक्सेल मात्र खरंच शिक, आणि फुकट शिक. पिव्होट टेबल, व्हीलूकअप नाहीतर एक्सलूकअप, सम इफ्स, तारखांचे हिशेब, दोन याद्यांतला फरक शोधणं. एवढं सफाईनं आलं तर पहिल्या नोकरीला पुरतं. डेटा ॲनालिटिक्स त्याच्या पुढची गोष्ट आहे. नोकरी लागल्यावर, कंपनीच्या खऱ्या आकड्यांवर ते शिकशील तेव्हा तुला त्याचा उपयोग कळेल.

इंग्रजीचं तू विचारलं नाहीस, पण ते मनात असणार. चाकण, भोसरी, रांजणगावच्या कारखान्यांत मुलाखत मराठी-हिंदी-इंग्रजीच्या मिसळीत होते, तिथे अडत नाही. खराडी-हिंजवडीत इंग्रजी लागतं, पण ते वक्तृत्व स्पर्धेचं नव्हे. रोज रात्री फोनवर दोन मिनिटं रेकॉर्ड कर, आज मी कोणतं काम केलं, कुठे अडलं, कसं सुटलं. फक्त कामाबद्दल. पहिला महिना ऐकवणार नाही. तिसऱ्या महिन्यापर्यंत 'टेल मी अबाउट युवरसेल्फ'चं उत्तर तुझ्याकडे आपोआप तयार असेल, आणि ते नेटवरून उतरवलेलं नसेल. पाठ केलेलं उत्तर ओळखू येतं. मुलं 'हार्डवर्किंग अँड स्मार्टवर्किंग' म्हणायला लागली की माझा हात घड्याळाकडे जायचा.

पुण्यातला एक प्रश्न बाहेरच्या पुस्तकांत नसतो, तो म्हणजे "राहता कुठे?" मुलांना वाटतं गप्पा मारताहेत. ती चाळणी असते. कात्रजला राहणारी मुलगी चाकणला घेतली तर पावसाळ्यात ती सोडते, हे आम्ही इतक्या वेळा बघितलं होतं की पुढे पुढे तो अर्ज बाजूलाच ठेवायचो. अन्याय असेल, पण होतं असं. म्हणून आधी ठरव, कुठल्या बाजूला नोकरी शोधायची. मेट्रोनं वनाज ते रामवाडी आणि पिंपरी-चिंचवड ते स्वारगेट हे सोपं केलंय. खराडीला रामवाडीपासून पुढे रिक्षा किंवा बस धरावी लागेल. चाकणच्या बहुतेक मोठ्या कारखान्यांची बस असते, ती कुठून सुटते ते मुलाखतीच्या आधी माहीत करून घे. "सर, तुमची बस नळ स्टॉपवरून जाते, मला चालत सात मिनिटं" असं उत्तर दिलंस की समोरच्याची एक काळजी तिथेच मिटली. रात्रपाळी असेल तर घरी आत्ताच बोल. ऑफर आल्यावर वडील नाही म्हणाले आणि मुलगी रुजूच झाली नाही, असं दर महिन्याला एक तरी व्हायचं.

ओळखीच्या लोकांना विचारायला लाजू नकोस, फक्त नोकरी मागू नकोस. कॉलेजातून दोन-तीन वर्षांपूर्वी बाहेर पडलेल्या मुली लिंक्डइनवर सापडतात. त्यांना असं लिही : "ताई, मी आपल्याच कॉलेजला टीवायला आहे. तुम्ही अकाउंट्स पेएबलला आहात असं दिसलं. तुमच्या कामाचा दिवस कसा असतो हे दहा मिनिटं फोनवर विचारू का? तुम्ही सांगाल तेव्हा करते." दहातल्या तीन जणी उत्तर देतात. फोननंतर आभाराच्या दोन ओळी पाठव, आणि दोन महिन्यांनी तू काय केलंस ते कळव. त्यांच्याकडे जागा निघते तेव्हा आधी कंपनीतल्या लोकांनाच विचारतात, कोणी आहे का ओळखीचं. अशा मार्गानं आलेल्या मुलीबद्दलची भरती करणाऱ्याची भीती निम्मी झालेली असते, कारण कोणीतरी तिच्याशी बोललेलं असतं.

कागदपत्रांचं पटकन. दहावीच्या मार्कलिस्टवर आडनाव आधी असतं, आधारवर नाव आधी, पॅनवर तिसरंच काहीतरी. स्पेलिंगमधल्या एका अक्षरानं रुजू व्हायची तारीख पुढे गेलेली मी पाहिली आहे. आधारला मोबाइल जोडलेला हवा आणि तो नंबर तुझ्या हातात हवा, गावी भावाच्या फोनमध्ये नको. हे डिसेंबरच्या आत उरक, जूनमध्ये सेवा केंद्रावर रांगा असतात.

पैसे मागणाऱ्या नोकरीला जाऊ नकोस. रजिस्ट्रेशन, ट्रेनिंग, लॅपटॉपचं डिपॉझिट, नाव काहीही असो. ऑफर लेटर साध्या जीमेलवरून आलं आणि मुलाखत व्हॉट्सॲपवर झाली तर ती नोकरी नाहीच. पैसे गेलेच तर लाजत बसू नकोस, १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन कर.

खरी ऑफर आल्यावर आकड्याला भुलू नकोस. समज, वर्षाचं पॅकेज ३,६०,००० सांगितलं. मुलं बाराने भागून ३०,००० मोजतात आणि त्या हिशेबानं भाड्याची खोली बघायला लागतात. त्यात ३०,००० 'व्हेरिएबल' असेल, म्हणजे वर्षअखेरीला मिळालं तर मिळालं. मूळ पगार १५,००० असेल तर कंपनीचा पीएफ महिना १,८००, वर्षाचे २१,६००, तेही पॅकेजमध्येच धरलेले. ग्रॅच्युइटीचे साधारण ८,६५०, विम्याचे समज ६,०००. मग तुझ्या बाजूचा पीएफ पुन्हा २१,६०० कापला जाणार. महाराष्ट्रात बायकांना महिना २५,००० पर्यंतच्या पगारावर व्यवसाय कर नाही, तेवढे वाचतील. हातात येतात महिना साडेबावीस हजारांच्या आसपास. वाईट नाही, पण हे रुजू होण्याआधी माहीत हवं. बाँड (ठरावीक काळ नोकरी न सोडण्याचा करार) असेल तर किती महिन्यांचा आणि किती रकमेचा ते वाचून सही कर. मूळ मार्कलिस्ट ठेवून घेणाऱ्यांकडे मात्र जाऊच नकोस.

जुलैपर्यंत काहीच जमलं नाही तर घाबरून एमकॉमला नाव घालू नकोस, आधी ॲप्रेंटिसशिप बघ. १९६१ च्या कायद्याखाली पदवीधरांनाही ती करता येते, बीकॉमलासुद्धा. राष्ट्रीय शिकाऊ प्रशिक्षण योजनेच्या (NATS) पोर्टलवर निकालानंतर नोंदणी होते. २०१९ च्या नियमांत पदवीधराला महिना किमान ९,००० विद्यावेतन ठरलं होतं. पुण्यात खोली करून राहणाऱ्याला ते पुरणार नाही, हे खरं. पण वर्षभर एका मोठ्या कंपनीच्या दारातून आत-बाहेर करता येतं, आणि जागा निघाली की तू समोरच असतेस. बँकेच्या परीक्षा द्यायच्या असतील तर जाहिरातीत दिलेल्या तारखेच्या आत निकाल लागलेला असावा लागतो, ते बघून अर्ज कर. त्या जरूर दे, फक्त नोकरीचा शोध थांबवून देऊ नकोस. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांत सहा-सहा वर्षं गेलेली मुलं मी ओळखते. त्यांची हुशारी कमी नव्हती. सव्विसाव्या वर्षी माझ्यासमोर बसली तेव्हा दाखवायला काम नव्हतं, इतकंच.

आता दिवाळीला गावी जाशील. चुलत्यांना विचारून मागच्या वर्षाच्या वह्या काढ आणि दहा-दहा दिवसांची तीन बिलं एक्सेलमध्ये बसव. शेतकऱ्यांची नावं काढून टाक, नुसते क्रमांक ठेव. फॅट आणि एसएनएफवरून दर आपोआप यावा, उचल आपोआप कापली जावी, आणि शेवटी बँकेत पाठवायची यादी निघावी. वहीतली बेरीज आणि तुझी बेरीज जुळते का बघ. बहुधा कुठेतरी चार-दोनशे रुपयांचा फरक निघेल. तो कुठून आला ते शोध आणि चुलत्यांना दाखव. मग रिझ्युमेवर, शिक्षणाच्याही वर, एक ओळ लिही : 'दूध संकलन केंद्र, हिशेब व शेतकरी बिले', सभासद किती, दहा दिवसांना रक्कम किती, तू कधीपासून लिहितेस आणि तो फरक कसा सापडला. सगळे आकडे खरे. कंस काढून टाक.